खोक्यावरचा आकडा आणि सोळा गेजचा पाइप

गोडादरा, सुरत

प्रति,
धुळे, नंदुरबार, जळगाव आणि सुरत येथील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमधील वेल्डर व्यवसायाचे शिल्प निदेशक यांस

सन्माननीय निदेशकहो,

वेल्डिंग करताना लोखंड जागेवर धरून ठेवण्यासाठी जो ऑन-ऑफ मॅग्नेट वापरला जातो, म्हणजे कळ एका बाजूला फिरवली की धरणारा आणि उलट फिरवली की सोडणारा चुंबक, त्याची निवड हा वरवर पाहता खरेदीचा प्रश्न वाटतो. हार्डवेअरच्या दुकानात दोन खोकी समोर येतात, एकावर कमी किलो लिहिलेले असतात, दुसऱ्यावर जास्त, आणि खिशाला परवडेल तितका मोठा आकडा उचलला जातो. परंतु तो आकडा कोणत्या परिस्थितीत मोजलेला आहे, आपल्या हातातील कामावर त्यातला किती उरतो आणि चुंबक लोखंडाला नेमका कशाच्या बळावर धरतो, हे ठाऊक नसेल तर ती निवड अंदाजाचीच राहते. आणि या गोष्टी दुकानदार शिकवीत नाही, त्या कार्यशाळेतच शिकवाव्या लागतात. म्हणून हे पत्र विक्रेत्यांना किंवा कारखानदारांना उद्देशून नसून निदेशकांना उद्देशून आहे.

पत्र गोडादऱ्याहून का, हेही सांगणे आवश्यक आहे. उधना-जळगाव लोहमार्ग नंदुरबार, दोंडाईचा, शिंदखेडा, अमळनेर, धरणगाव ही गावे जोडत जातो, आणि त्या वाटेने गेल्या काही पिढ्यांत खानदेशातून आलेल्या कुटुंबांनी उधना, लिंबायत, डिंडोली आणि गोडादरा या भागांत घरे केली. सुरत महानगरपालिका मराठी माध्यमाच्या शाळा चालवते आणि येथील रस्त्यांवर गुजरातीबरोबर अहिराणीही कानी पडते. या मनुष्यबळाचा मोठा वाटा कापडाच्या धंद्यात आहे हे सर्वज्ञात आहे, मात्र कापडाचा धंदा स्वतः लोखंडावर उभा असतो याची नोंद क्वचितच घेतली जाते. तागे ठेवण्याचे रॅक, यंत्रमागांच्या शेडच्या कैच्या, पोटमाळे, जिने, शटरच्या चौकटी, आणि सोसायट्यांमधील घरांच्या जाळ्या व फाटके ही सगळी कामे छोट्या फॅब्रिकेशनच्या दुकानांत होतात, जिथे एक कारागीर आणि फार तर एक मदतनीस असतो. मोठ्या कारखान्यात एकाच मापाचे शेकडो नग बनतात, त्यामुळे त्यांना धरण्यासाठी पक्का साचा बनवणे परवडते. छोट्या दुकानात मात्र आज खिडकीची जाळी, उद्या जिन्याचा कठडा आणि परवा हातगाडीचा सांगाडा, अशा बदलत्या कामाला साचा परवडत नाही. तिथे दोन तुकडे काटकोनात धरण्याचे काम मदतनिसाच्या हाताकडे येते, आणि हात थरथरतो, तापतो, डोळे ठिणगीपासून वाचवण्यासाठी मान वळली की हलतो. चुंबक त्या हाताच्या जागी येतो. म्हणूनच त्याची निवड चुकली तर चौकट तिरकी होण्यापुरते ते नुकसान मर्यादित राहत नाही. ज्या माणसाने आपला हात त्याच्या भरवशावर काढून घेतला, त्याच्या पायावर पाइप पडतो.

या उपकरणाची रचना समजली की पुढचे बहुतेक निर्णय आपोआप सुटतात. आत दोन चकतीसारखे चुंबक एकावर एक बसवलेले असतात. प्रत्येक चकतीच्या एका अर्ध्या भागात उत्तर ध्रुव आणि दुसऱ्या अर्ध्या भागात दक्षिण ध्रुव असतो. खालची चकती स्थिर असते, वरची कळीबरोबर फिरते, आणि दोन्हींच्या दोन बाजूंना मऊ लोखंडाचे दोन ठोकळे असतात, ज्यांना ध्रुवपाद म्हणता येईल, कारण चुंबक कामावर उभा राहतो तो याच दोन पायांवर. कळ ‘ऑन’ असताना दोन्ही चकत्यांचे उत्तर ध्रुव एका पायाकडे आणि दक्षिण ध्रुव दुसऱ्या पायाकडे येतात. मग बलरेषा एका पायातून खाली उतरतात, समोरच्या लोखंडातून आडव्या जातात आणि दुसऱ्या पायातून वर परततात. कळ अर्धा फेरा फिरवली की वरच्या चकतीचा उत्तर ध्रुव खालच्या चकतीच्या दक्षिण ध्रुवावर येतो, बलरेषांचा फेरा उपकरणाच्या पोटातच पूर्ण होतो आणि बाहेर जवळजवळ काहीच उरत नाही. चुंबक ‘विझत’ नाही. त्याची वाट तेवढी बदलते. विजेचा या सगळ्याशी संबंध नसल्यामुळे वीज गेली तरी धरलेले लोखंड सुटत नाही, हा विद्युतचुंबकापेक्षा त्याचा मोठा गुण आहे.

ही कल्पना विद्यार्थ्यांना परकी वाटण्याचे कारण नाही. टर्नर आणि मशिनिस्ट व्यवसायांच्या कार्यशाळेत डायल गेज ज्या चुंबकीय स्टँडवर लावतात, त्याच्या पायातील कळ याच तत्त्वाने काम करते, आणि इंग्लंडमधील शेफील्ड येथील जेम्स नील कंपनीने ‘एक्लिप्स’ या नावाने कायम चुंबकाचे, तरफ फिरवून चालू-बंद होणारे यंत्रपकड १९३० च्या दशकातच बाजारात आणले होते. बदल झाला तो चुंबकाच्या धातूत. १९८४ साली जपानमध्ये मासातो सागावा यांनी आणि अमेरिकेत जनरल मोटर्समधील जॉन क्रोट यांनी स्वतंत्रपणे निओडिमियम, लोह आणि बोरॉन यांचा चुंबक पुढे आणला, आणि पूर्वी वीटभर आकाराला जी ओढ मिळत असे ती मुठीत मावणाऱ्या उपकरणात मिळू लागली. स्वस्त, बाणाच्या आकाराच्या साध्या वेल्डिंग मॅग्नेटमध्ये बहुधा फेराइट असते, तर ऑन-ऑफ प्रकारात बहुधा निओडिमियम असते, आणि किमतीतील फरकाचे एक मुख्य कारण तेच आहे.

आता खोक्यावरच्या आकड्याकडे. तो आकडा सामान्यतः जाड, सपाट, घासून चकचकीत केलेल्या लोखंडी पाटावर चुंबक ठेवून आणि त्याला सरळ वर, काटकोनात ओढून मिळवलेला असतो. त्यात लबाडी नाही, कारण मोजमापासाठी काहीतरी ठरलेली स्थिती लागतेच. मात्र गोडादऱ्यातील दुकानात त्यांपैकी एकही अट पाळली जात नाही. तिथे पाइप पातळ असतो, त्यावर गंज किंवा रंग असतो, आणि भार सरळ वर न येता बाजूने किंवा टोकाशी येतो. या तीन फरकांपैकी पहिला सर्वांत कमी समजलेला आहे, म्हणून त्याच्यावर अधिक वेळ देणे योग्य ठरेल.

चुंबकाची ओढ लोखंडात शिरलेल्या बलरेषांच्या दाटीवर अवलंबून असते, आणि ती दाटीच्या वर्गाने बदलते. संपर्काच्या पृष्ठभागावर दाटी १ टेस्ला असेल, टेस्ला म्हणजे या दाटीचे एकक, तर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ४ किलोची ओढ मिळते; दाटी निम्म्यावर आली तर ओढ निम्मी होत नाही, ती चौथाईवर, म्हणजे १ किलोवर येते. दुसरीकडे लोखंडाची बलरेषा वाहून नेण्याची क्षमता मर्यादित आहे. साधे मऊ पोलाद सुमारे २ टेस्लाच्या आसपास भरून जाते, याला चुंबकीय संपृक्तता म्हणतात, आणि त्यानंतरच्या बलरेषा लोखंडात न मावता हवेतून पसरतात. आता सोळा गेजचा चौकोनी पाइप घ्यावा, ज्याची भिंत सुमारे १.६ मिलिमीटर असते. चुंबकाचा पाय ३ सेंटिमीटर लांब आणि दीड सेंटिमीटर रुंद असेल तर त्याच्या तळव्याचे क्षेत्रफळ साडेचार चौरस सेंटिमीटर होते. परंतु त्या पायाखालून दुसऱ्या पायाकडे सरळ जाण्यासाठी पाइपच्या भिंतीत जो रस्ता उपलब्ध आहे, त्याचा छेद ३ सेंटिमीटर गुणिले १.६ मिलिमीटर, म्हणजे अर्ध्या चौरस सेंटिमीटरपेक्षाही कमी भरतो. रुंद पाटाचे पाणी बारीक चारीत सोडले तर ते काठावरून वाहून जाते, तसेच येथे होते. काही बलरेषा बाजूंनी वळसा घालून जागा शोधतात हे खरे, तरी मोठ्या आकड्याच्या चुंबकाचा पुष्कळसा जोर पातळ भिंतीवर वायाच जातो, आणि पाइपची पलीकडची भिंत त्याला हात देऊ शकत नाही, कारण मध्ये ३ ते ४ सेंटिमीटर हवा असते.

यातून निवडीचा एक नियम निघतो, जो दुकानातील समजुतीच्या उलट आहे. पातळ मालासाठी मोठा चुंबक घेण्यापेक्षा लहान आणि जवळ-जवळ पाय असलेला चुंबक घ्यावा, कारण पाय जवळ असले की बलरेषांचा फेरा उथळ राहतो आणि थोड्या जाडीतही पूर्ण होतो. पाय दूर असलेला मोठा चुंबक खोल जाऊ पाहतो आणि खोली तर तिथे नसतेच. म्हणून ज्या दुकानात बहुतेक काम अठरा आणि सोळा गेजच्या पाइपचे आहे, तिथे एका मोठ्याच्या पैशात दोन मध्यम किंवा लहान घेणे अधिक शहाणपणाचे ठरते, आणि चौकटीच्या दोन कोपऱ्यांना एकाच वेळी आधार मिळतो तो वेगळाच. जिथे ६ मिलिमीटरचे अँगल, चॅनल आणि पट्ट्या जोडल्या जातात, म्हणजे कैच्यांच्या आणि पोटमाळ्यांच्या कामात, तिथेच मोठ्या आकड्याला अर्थ येतो.

गंज, रंग आणि चिकटलेले छर्रे यांचा परिणाम सांगायला सोपा आहे. चुंबक आणि लोखंड यांच्यामधील गंजाचा किंवा रंगाचा थर बलरेषांच्या दृष्टीने जवळजवळ हवेसारखाच असतो, छर्ऱ्यांमुळे मध्ये हवेची फट राहते, आणि हवेची कागदभर फट ओलांडण्यासाठीही त्यांना लोखंडातील लांब प्रवासापेक्षा अधिक जोर खर्चावा लागतो. म्हणून चुंबक टेकण्याची जागा ग्राइंडरने किंवा तारेच्या ब्रशने साफ करणे, आणि चुंबकाच्या पायांवर बसलेले छर्रे खरवडून काढणे, या दोन सवयी नवा चुंबक घेण्याइतक्याच मोलाच्या आहेत. गोल पाइपवर तर सपाट पायांचा स्पर्श एका रेषेपुरताच होतो. गोल काम नेहमीचे असेल तर इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखी खाच असलेले पाय निवडावेत.

भार कोणत्या दिशेने येतो, हा तिसरा फरक जीवघेणा ठरू शकतो. उभ्या लोखंडावर चिकटवलेल्या चुंबकाला खाली घसरण्यापासून थोपवते ते फक्त घर्षण, आणि गुळगुळीत किंवा तेलकट लोखंडावर ते ओढीच्या साधारण पाचव्या हिश्श्याच्या आसपास असते. वीस किलोची ओढ असलेला चुंबक घसरण्याच्या दिशेने चार किलोच्या आसपासच सुटू शकतो. त्याहून फसवी आहे ती तरफेची क्रिया. समजा, खोक्यावर ६० किलो लिहिलेला आणि ५ सेंटिमीटर रुंद तळाचा चुंबक आहे. तो आपल्या तळाच्या कडेवर उलटायचा झाला तर त्याची ओढ कडेपासून अडीच सेंटिमीटरवर काम करते, म्हणून तो ६० गुणिले २.५, म्हणजे १५० किलो-सेंटिमीटरचा पीळ सोसू शकतो. त्याच्या आधाराने ४० बाय ४० मिलिमीटरचा, सोळा गेजचा एक मीटर पाइप आडवा धरला, तर पाइपचे वजन दोन किलोला थोडे कमी भरते आणि ते मध्यावर, म्हणजे ५० सेंटिमीटरवर काम करते. पीळ होतो शंभराच्या किंचित आत. हिशेब बसतो, असे वाटते. परंतु पाइपच्या पातळ भिंतीवर ६० किलोचे प्रत्यक्षात २० किलोच उरले असे धरले, तर चुंबकाची सोसण्याची ताकद ५० किलो-सेंटिमीटरवर येते आणि तोच पाइप हात काढताक्षणी खाली झुकतो. पाइपची लांबी दुप्पट केली तर वजनही दुप्पट आणि अंतरही दुप्पट, म्हणून पीळ चौपट होतो, हे विद्यार्थ्याने फळ्यावर स्वतः मांडून पाहण्यासारखे आहे. यावरचा उपाय अधिक महागड्या चुंबकात नाही. लांब तुकड्याच्या दुसऱ्या टोकाखाली स्टँड, घोडा किंवा मापाची वीट ठेवून वजन जमिनीवर उतरवावे आणि चुंबकाकडून फक्त कोन धरण्याचे काम घ्यावे, हीच त्याची योग्य कामगिरी आहे.

कोनाबद्दलही एक सावधगिरी हवी. चुंबकाच्या अंगाचा काटकोन कारखान्यातून अचूक येतोच असे नाही, आणि अर्ध्या अंशाची चूक दोन मीटरच्या फाटकाच्या टोकाशी सुमारे १७ मिलिमीटरची होते, जी कडी बसवताना सगळ्यांच्या लक्षात येते. खरेदीच्या वेळी दुकानातच चांगला गुण्या लावून पाहावा, आणि कामावर चुंबकाच्या भरवशावर न राहता चौकटीचे दोन्ही कर्ण टेपने मोजावेत. शिवाय वेल्ड थंड होताना आकसतो आणि तुकड्याला आपल्याकडे खेचतो. या ओढीपुढे कोणताही हातात मावणारा चुंबक टिकत नाही. टाके आलटून-पालटून दोन्ही बाजूंना मारणे आणि प्रत्येक टाक्यानंतर गुण्या लावणे याला चुंबक पर्याय ठरत नाही.

उष्णतेच्या बाबतीत निओडिमियम नाजूक आहे. त्याच्या साध्या प्रतीचा चुंबक सुमारे ८० अंश सेल्सिअसपर्यंतच भरवशाचा असतो. त्याहून तापला तर त्याची शक्ती कायमची घटू लागते, आणि सुमारे ३१० अंशांना, ज्याला क्युरी तापमान म्हणतात, ती पूर्णच जाते. उच्च तापमानासाठी केलेल्या प्रती १२० किंवा १५० अंशांपर्यंत टिकतात आणि महाग असतात. फेराइटची ओढ कमी, पण उष्णता सोसण्याची ताकद जास्त. म्हणून जाड पाटावर सलग लांब वेल्ड चालणाऱ्या ठिकाणी फेराइटचा साधा बाण टिकतो आणि महागडा ऑन-ऑफ मॅग्नेट दोन महिन्यांत ढिला पडतो, असा अनुभव येण्याचे हेच कारण आहे. खरेदीच्या वेळी तापमानाची मर्यादा कागदावर दिलेली आहे का ते पाहावे, आणि ज्याचे टोक कापलेले आहे, म्हणजे जोडाच्या कोपऱ्यात वेल्डला जागा मोकळी सोडते, असाच नमुना घ्यावा. चुंबकाला हात लावून चटका बसत असेल तर तो आपली मर्यादा ओलांडण्याच्या बेतात आहे, असे समजावे.

कमानीवरचा परिणाम हा विषय बहुतेक निदेशक ‘आर्क ब्लो’ या नावाने शिकवतातच. विद्युतप्रवाहावर चुंबकीय क्षेत्रात बल लागते, आणि वेल्डिंगची कमान म्हणजे प्रवाहच असल्यामुळे ती जवळच्या चुंबकाने बाजूला ढकलली जाते; कमान भरकटते, छर्रे वाढतात, जोड कच्चा राहतो. प्रत्यावर्ती म्हणजे एसी प्रवाहात दिशा सतत बदलत असल्याने हा त्रास कमी असतो, परंतु दुकानांतील जुने जड ट्रान्सफॉर्मर जाऊन त्यांच्या जागी हलके इन्व्हर्टर आले, जे सामान्यतः डीसी प्रवाह देतात, आणि त्याबरोबर हा दोषही रोजच्या कामात आला. येथेच कळीचे खरे मोल आहे. साधा बाण-मॅग्नेट लावून टाका मारायचा आणि मग तो ओढून किंवा हातोडीने ठोकून काढायचा, तर ताजा टाका हिसक्याने हलतो किंवा तडकतो. म्हणून कारागीर तो न काढताच पुढचा वेल्ड चालवतो आणि कमान भरकटते. कळ असेल तर क्रम सरळ होतो: चुंबक बंद ठेवून जागेवर आणावा, गुण्या लावावा, कळ फिरवावी, चुंबकापासून शक्य तितक्या दूरच्या बाजूला टाके मारावेत, कळ उलटी फिरवून चुंबक उचलावा आणि मगच पूर्ण वेल्ड घ्यावा. जो कारागीर हा क्रम पाळणार नाही, त्याने ऑन-ऑफ मॅग्नेटसाठी जास्त पैसे देण्यात काहीच हशील नाही.

कळीचा दुसरा लाभ स्वच्छतेचा आहे. ग्राइंडरचा लोहकीस साध्या चुंबकाला दाढीसारखा लटकतो आणि पुसून निघत नाही, तर कळ बंद केली की तो बराचसा गळून पडतो. कळ मात्र हातमोजे घालूनही अंगठ्याने फिरली पाहिजे, आणि ‘ऑन’ स्थितीत ठामपणे अडकून राहिली पाहिजे. शेजारी ग्राइंडर चालू असताना कंपनाने सुटणारी कळ नसलेली बरी. चुंबकातून वेल्डिंगचा प्रवाह जाऊ देऊ नये, म्हणून अर्थिंगचा चिमटा नेहमी कामालाच, जोडाच्या जवळ आणि घासलेल्या जागी लावावा. अर्थिंगसाठी वेगळे, त्याच कामासाठी बनवलेले चुंबकीय क्लॅम्प मिळतात; कोन धरणारा चुंबक त्या कामाला जुंपू नये. शरीरात पेसमेकर बसवलेल्या व्यक्तीने ही उपकरणे हाताळू नयेत, हे कार्यशाळेच्या भिंतीवर लिहिलेले असावे.

चुंबक काय धरत नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे शिकवले जावे. जिन्याच्या कठड्यांसाठी येथे भरपूर वापरले जाणारे ३०४ आणि २०२ प्रतींचे स्टेनलेस स्टील व्यवहारात चुंबकाला दाद देत नाही, कारण त्यातील निकेल किंवा मँगनीज लोखंडाच्या स्फटिकांची रचनाच बदलून टाकतात. ॲल्युमिनियमचाही प्रश्न येत नाही. सुरतेजवळच्या हजिरा येथे लार्सन अँड टुब्रोच्या कारखान्यात, फ्रान्समधील कादाराश येथे उभारल्या जाणाऱ्या ईटर या आंतरराष्ट्रीय अणुसंलयन प्रकल्पासाठी सुमारे ३,८५० टनांच्या क्रायोस्टॅटचे, म्हणजे संपूर्ण यंत्राभोवतीच्या प्रचंड निर्वात पात्राचे, भाग घडवले गेले आणि अखेरचा भाग जून २०२० मध्ये रवाना झाला. ते पात्र स्टेनलेस स्टीलचे आहे. या परिसरातील अशा थोर वेल्डिंगच्या कामात चुंबकाला स्थान नव्हते, हे ऐकून विद्यार्थ्याच्या मनात उपकरणाची मर्यादा पक्की बसेल. अशा कामाला सी-क्लॅम्प, शिकंजा आणि साचा यांच्याशिवाय गत्यंतर नाही.

आणखी एक गैरवापर थांबवणे निकडीचे आहे. कोन धरण्याचा चुंबक पत्रा उचलण्यासाठी वापरला जातो, विशेषतः त्यावर हँडल असेल तेव्हा. वजन उचलण्याचे कायम चुंबक वेगळे बनतात. त्यांच्यासाठीच्या ईएन १३१५५ या युरोपीय मानकानुसार चुंबक सुटण्याचा भार हा नेमून दिलेल्या वजनाच्या किमान तिप्पट असावा लागतो. कोन धरणाऱ्या चुंबकाच्या खोक्यावरचा आकडा हा सुटण्याचा भार असतो, उचलण्याचा नव्हे. या दोन आकड्यांतील भेद ज्याला कळला नाही, त्याच्या हातात हे उपकरण देणे धोक्याचे आहे.

निदेशकांना विनंती अशी की वेल्डर व्यवसायाच्या एका वर्षाच्या प्रशिक्षणात या विषयासाठी एक प्रात्यक्षिक राखून ठेवावे, ज्याला वेगळा खर्च लागत नाही. कार्यशाळेतील एक ऑन-ऑफ मॅग्नेट, लटकवण्याचा ताणकाटा, १० मिलिमीटरचा घासलेला पाट, सोळा आणि अठरा गेजच्या पाइपचे तुकडे, त्यांतील एक गंजलेला आणि एक रंगवलेला, एवढे साहित्य पुरते. विद्यार्थ्याने चुंबक प्रत्येकावर ठेवून काट्याने सरळ वर ओढावा, मग बाजूने ओढावा, आणि सुटतानाचा आकडा वहीत लिहावा. दोन्ही हातांना जाड मोजे, डोळ्यांवर चष्मा, आणि ओढण्याच्या वाटेत कोणाचे तोंड नाही, एवढी काळजी पुरेशी आहे. पाटावरचा आकडा आणि अठरा गेजवरचा आकडा शेजारी-शेजारी लिहिले गेले की वरचे सगळे विवेचन एका तासात पटते, आणि जो विद्यार्थी उद्या अमळनेरहून किंवा नंदुरबारहून गाडीत बसून गोडादऱ्यातील एखाद्या दुकानात रुजू होईल, तो ती चाचणी मालकासमोरही करून दाखवू शकेल.

हा पाठ मराठीत, गेज, टाका, गुण्या, कर्ण याच शब्दांत व्हावा, कारण दुकानातील सूचना याच शब्दांत दिल्या जातात. आणि चाचणी झाल्यावर, सोळा गेजवर मिळालेला आकडा त्या चुंबकाच्या पाठीवर पांढऱ्या रंगाने लिहून ठेवावा, जेणेकरून पुढच्या तुकडीच्या विद्यार्थ्याला खोक्यावरच्या आकड्याआधी तो दिसेल.